टाकीतलं पाणी

कालेर्वोच्या दारात कोणी उभं राहिलं की तो आधी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, बुटांकडे बघतो. बुटांवरचा बर्फ कोरडा आहे की ओला, त्यात लाकडाचा भुसा आहे का, म्हणजे हा माणूस सरळ रस्त्याने आला की आपल्या लाकडांच्या ढिगामागून फिरून आला. मग 'ये' म्हणतो. मी ओस्मो, त्याचा शेजारी आणि शाळेपासूनचा सोबती. दोघांनी सगळं आयुष्य ओंडक्यांचे ट्रक हाकण्यात घालवलं, तरी माझेही बूट त्याच्या नजरेतून सुटत नाहीत. एकदा वैतागून मी बूट ओसरीवर काढले आणि मोज्यांवरच आत गेलो. तर याला वाटलं, मी काहीतरी लपवतोय.

आमच्या गावात घराला कुलूप लावायची पद्धत नाही. बाहेर जाताना दाराला झाडू टेकवून ठेवला की येणाऱ्याने समजावं, घरी कोणी नाही. कालेर्वो झाडूही टेकवतो आणि कुलूपही लावतो. बटाट्याच्या तळघराला कुलूप, होडीला कुलूप, सौनाला, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या लाकडी खोलीला, कुलूप. लग्न त्याने केलं नाही. बायको कुठे गेली, कधी येणार, का उशीर झाला, हे बघत बसायला त्याला वेळ कुठून मिळाला असता?

अशा माणसाने सौनाची दुसरी किल्ली करून घेतली आणि ती साइमीला दिली, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली.

साइमी खाडीच्या पलीकडच्या पिवळ्या घरात राहते. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना जेवू घालून निवृत्त झालेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. तिच्या स्वतःच्या सौनाची भट्टी तडकली म्हणून शनिवारी ती कालेर्वोच्या सौनात यायला लागली. आधी आम्ही दोघं बसायचो, मग आमची वाफ निवायच्या आत ती आत जायची, आणि नंतर ओल्या केसांवर लोकरी टोपी ओढून बर्फातून घरी चालत जायची. जाण्याआधी बाकावर वेलदोड्याचे पाव ठेवून जायची. कालेर्वो पाव उलटून खालून बघायचा आणि मग खायचा. सगळे खायचा.

त्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात नाचाचं खूळ शिरलं. तलावाच्या पलीकडे चर्चच्या गावात रविवारी दुपारी सभागृहात टँगो असतो. साइमीला टँगोचं भारी वेड, आणि तिच्या कैलासवासी नवऱ्याला पाय होते की नव्हते हे नाचात कधी कोणाला कळलं नाही. रस्त्याने जायचं तर अख्खा तलाव वळसा घालून जावं लागतं, आणि रविवारी बस नसते. मी म्हटलं, मी मोटारीतून सोडतो. साइमी म्हणाली, "नको. कालेर्वो म्हणालाय, बर्फावरून सरळ नेतो. मी थांबेन."

हे तिने माझ्यासमोर, त्याच्याकडे बघत म्हटलं. आता कोणाही शहाण्या माणसाला यातून काय कळायचं ते कळलं असतं. कालेर्वोने मला नंतर विचारलं, "मोटारीला ती नको का म्हणाली रे? तुझ्या मोटारीत काही झालंय का?"

त्याच्याकडे एक जुनी स्वीडिश बनावटीची दोन-स्ट्रोक मोटरसायकल आहे, जंगलात उड्या मारायची. तिच्यामागे दांड्याने जोडायला त्याने एक घसरगाडी केली. बर्चच्या फळ्या, वर रेनडिअरचं कातडं, पाठ टेकायला जुन्या खुर्चीचा अर्धा भाग. हात लावला तर कुठे कूस लागणार नाही इतकी घासलेली. मग तो मोटरसायकलच्या मागे लागला.

उन्हाळ्यातली गाडी हिवाळ्यात तशीच काढली तर ती मरते. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून कार्बोरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, मोठा बसवायचा, नाहीतर पिस्टन तापून जागीच चिकटतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल असं हवं की कडाक्यातही पातळ राहील. रेडिएटरला अर्धा पुठ्ठा बांधायचा, नाहीतर इंजिन गरमच होत नाही. टायरना बाहेरून खिळे. कार्बोरेटरच्या ज्या नळ्या एरवी खाली लोंबतात त्यांची तोंडं बर्फाने बुजतात, त्या उलट्या वळवून टाकीखाली वर न्यायच्या. हे सगळं त्याने ओसरीवर, तोंडाने पुटपुटत, प्रत्येक स्क्रू दोनदा तपासत केलं. इंजिनात जाणारी हवा गाळायची जाळी तेवढी राहिली. तिच्या तेलकट स्पंजात बारीक बर्फ गेला की दगड होतो. वरून तलम कापड हवं.

कापडासाठी तो साइमीकडे गेला. मी बरोबर होतो, म्हणून सांगतो.

"साइमी, तुझा एक पायमोजा दे," हा दारातूनच म्हणाला.

"कसला पायमोजा?"

"तो पातळ असतो तो. बायकांचा."

साइमीने माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं. "एकच?" ती म्हणाली. "का दुसरा पाय नाही तुला?"

"जाळीला लावायचाय. बर्फ अडतो, हवा जाते."

तिने आतून नवीकोरी जोडी आणून दिली. परत येताना कालेर्वो म्हणाला, "नवी का दिली असेल? जुनी चालली असती." मी चालत राहिलो. भिंतीशी बोलून आपलाच घसा बसतो.

माणूस मागे बसवण्याआधी रिकामी फेरी मारून बघायची हे बरोबरच. त्याने घसरगाडीवर बर्चचे ओंडके बांधले, साइमीच्या वजनाइतके. साइमी काठावर आली, तिने ओंडके पाहिले, एकेक मोजले.

"ही मी?" तिने विचारलं.

"अंदाजे," कालेर्वो म्हणाला.

"हा वरचा मोठा ओंडका कशाचा?"

"कोटाचा," हा गंभीरपणे म्हणाला. ती हसत हसत घरी गेली. इतकं सगळं नीट चाललं होतं.

पहिल्या रविवारी तो निघाला. खाडी ओलांडली, बेटाजवळ पोचला आणि गाडी ठसकली, खोकली, बंद पडली. दुखऱ्या गुडघ्याने किक मारून मारून बेजार झाला, शेवटी मी जाऊन ओढून आणली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, बेटाच्या अलीकडे पलीकडे. आम्ही कार्बोरेटरच्या तळाचा बोल्ट उघडला, तर आतून पेट्रोलबरोबर साबुदाण्यासारखे बर्फाचे दाणे पडले.

"पाणी," कालेर्वो म्हणाला. आवाज इतका हळू की मी हातातला पाना खाली ठेवला. हा ओरडतो तेव्हा काही नसतं.

"असेल थोडं. पेट्रोलमध्ये थोडं स्पिरिट टाक, पाणी गोठणार नाही."

"औषध नंतर. आधी कोणी टाकलं ते बघू."

आधी त्याने पंपवाल्यावर संशय घेतला. त्याच डब्यातलं पेट्रोल माझ्या करवतीत घातलं, करवत छान चालली. मग माझ्यावर. मला त्याने आडून विचारलं की शनिवारी दुपारी मी कुठे असतो. "तुझ्याशेजारी नागडा बसलेला असतो, गाढवा," मी म्हटलं. ते त्याला पटलं.

मग उरलं कोण? गाडी आठवडाभर बाहेर पडवीत असायची. उणे पंचवीसमध्ये रात्रभर उभी राहिलेली गाडी त्याच्या गुडघ्याला उठेना, म्हणून तो शनिवारी दुपारी तिला ढकलत सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत आणून ठेवायचा. भट्टीचं दार आतल्या खोलीत, पेट्रोलची तोटी बंद, तरी हा आगाऊपणाच. पण आमच्याकडे जे जपायचं ते सौनात जातं. पीठ आंबवायचं, आजारी कोंबडी ठेवायची, आमच्या पिढीतली निम्मी माणसं तिथेच जन्मली. साइमीने पहिल्याच दिवशी तक्रार केली होती, "एक दिवस तू, मी आणि तुझी ही बया, तिघं एकदम छपरातून वर जाऊ." आणि आमच्यानंतर त्या खोलीत एकटी असायची ती साइमीच.

"तिला गाडी तिथे नकोय," कालेर्वो मला म्हणाला. लाकडं रचत होतो आम्ही.

"मग ती तुला तोंडावर बोलली की. चोरून पाणी कशाला ओतेल?"

त्याने हातातलं लाकूड बराच वेळ धरून ठेवलं. "गाडी नको नसेल," तो म्हणाला. "यायचं नसेल. हो म्हणून बसली आणि आता नको वाटतंय. नाही म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून गाडीच बंद पाडायची. मला चालेल रे. पण तोंडाने सांगावं."

त्याला चालणार नव्हतं हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला त्याची कीव आली आणि रागही आला. मी म्हटलं, "जाऊन विचार." तो म्हणाला, "विचारलं तर सावध होईल."

पुढच्या शनिवारी त्याने टाकीच्या झाकणावर चिकटपट्टी लावली आणि पट्टीवरून टाकीपर्यंत पेनाने आडवी रेघ ओढली. पट्टी कोणी काढून लावली तर रेघ जुळणार नाही. रविवारी रेघ जशीच्या तशी जुळत होती, आणि बेटाजवळ तळातून पुन्हा दाणे पडले.

"बघ," मी म्हटलं. "कोणी हात लावलेला नाही."

"म्हणजे रेघसुद्धा जुळवली तिने," कालेर्वो म्हणाला. "शाळेत होती ना. हात स्थिर असणार."

स्वयंपाकघरात होती ती, पण तेव्हा हे सांगून काय उपयोग! संशयाच्या भुताला पुरावा दाखवला तर ते पुरावाच खाऊन मोठं होतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी आम्ही आमची वाफ घेऊन बाहेर पायरीवर बसलो होतो, अंगातून धूर निघत होता, हातात गरम सॉसेज. साइमी आत गेलेली. थोड्या वेळाने खोलीचं दार धाडकन उघडलं. साइमी, अंगावर झगा, डोक्याला पंचा गुंडाळलेला.

"या दोघं इकडे."

आम्ही गेलो. ती गाडीपाशी उभी होती, बोट झाकणावर. "हे काय आहे?"

"पट्टी," कालेर्वो म्हणाला.

"रेघ कशाला?"

त्याने सॉसेज या हातातून त्या हातात घेतलं.

"गेल्या शनिवारीही होती. मला वाटलं, गळतंय म्हणून लावली असेल. रेघ आज दिसली. कोणासाठी ही?"

"टाकीत पाणी सापडतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "दर रविवारी. आणि सौनाच्या किल्ल्या दोनच आहेत."

मी तिचा चेहरा पाहिला आणि मला तिथून निघून जावंसं वाटलं. ती ओरडली नाही. तिने पट्टी एका ओढीत काढली. "अगं, थांब..." हा म्हणाला. तिने झाकण उघडलं, आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि ते बोट त्याच्या नाकासमोर धरलं. बोटावरून थेंब पडला.

"बघ, बघ की. एवढं तपासतोस तर हेही बघ."

मी भिंतीवरची विजेरी घेऊन टाकीत उजेड पाडला. पेट्रोलच्या वरचा रिकामा भाग थेंबांनी भरला होता. बाहेरूनही गाडी घामाघूम, इंजिनाच्या खाचांतून पाणी ओघळत होतं.

"बाहेर उणे पंचवीस," साइमी म्हणाली. "ही थंडगार आत येते. मग तू दगडांवर पाणी ओततोस, हा ओस्मो तर बादलीच उपडी करतो, मग मी येऊन ओतते. दर वेळी आतलं दार उघडतं. ती वाफ कुठे जाते, कालेर्वो? खिडकीवर बसते, माझ्या आरशावर बसते. तुझ्या टाकीला तेवढी लाजते का?"

झाकणाला हवेची नळी होतीच. कार्बोरेटरच्या नळ्यांबरोबर तिचंही तोंड बर्फापासून वाचवायला याने स्वतःच्या हाताने वर वळवलं होतं, आणि त्याच नळीतून टाकी ओली हवा आत ओढत होती. पट्टीने काय अडणार? कालेर्वोचे कान लाल झाले. ते त्याला एका क्षणात कळलं, आणि त्यामुळे बाकीचंही कळलं.

"साइमी," तो म्हणाला.

"पाणी मीच ओतत होते," ती म्हणाली. "दगडांवर. तुझ्यासमोर सांगून टाकते." तिने कोटाच्या खिशातून किल्ली काढली, पावांशेजारी बाकावर ठेवली, कपडे उचलून आत गेली आणि आम्ही बाहेर येऊन उभे राहिलो. जाताना ती आमच्याकडे न बघता गेली.

पुढच्या शनिवारी कालेर्वोने सौना तापवली, पण आत कोणी गेलं नाही. तो खिडकीशी उभा होता. मी कॉफी ओतत होतो.

"धूर," तो म्हणाला.

खाडीपलीकडे साइमीच्या सौनाच्या चिमणीतून धूर निघत होता. सरळ, पांढरा, भट्टी मजेत ओढत असली की निघतो तसा.

"तिची भट्टी तर तडकलेली आहे," कालेर्वो म्हणाला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "कोणीतरी दुरुस्त करून दिली. कोण आलं होतं तिच्याकडे?" आणि हा बाबा टोपी न घालता निघाला. मी मागोमाग, कारण आता हा काय दिवे लावणार याची मला धास्ती.

अंगणात बर्फावर फक्त तिच्याच पावलांचे ठसे. त्याने ते दोनदा पाहिले, मला दिसलं. मग त्याने दार ठोठावलं. साइमी हातात लाकडं घेऊन आली.

"भट्टी कोणी दुरुस्त केली?" याने विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"कोणी नाही."

"मग पेटली कशी?"

"तिला काही झालंच नव्हतं," साइमी म्हणाली. "कधीच नाही."

कालेर्वोने वळून चिमणीकडे पाहिलं. "तीन हिवाळे तू..."

"हो. तीन हिवाळे. घरी चांगली भट्टी असताना कडाक्यात खाडी ओलांडून येत होते आणि ओले केस घेऊन परत जात होते. गावातल्या प्रत्येकाच्या बुटावर संशय घेतलास ना तू? ही गोष्ट तेवढी तुझ्या नजरेतून सुटली. आता घे संशय, का येत होते मी." तिने लाकडं छातीशी घट्ट धरली. "दार लावते. थंडी आत येतेय."

दार लागलं. कालेर्वो तसाच उभा. त्याच्या भुवयांवर दव गोठत होतं.

"मी चुकलो," तो बंद दाराला म्हणाला. मोठ्याने म्हणाला, आतपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. "मला वाटलं, माझ्याबरोबर यायचं कोणाला कशाला असेल." दार उघडलं नाही. आम्ही परत आलो. वाटेत मी त्याच्या डोक्यावर माझी टोपी घातली आणि त्याने, देवाशप्पथ, ती आतून न बघता घालून घेतली.

त्यानंतर गाडी पडवीतच राहिली. पेट्रोलमध्ये स्पिरिट, टाकी तोंडापर्यंत भरलेली म्हणजे ओल बसायला जागा नको. सकाळी तो गुडघा चोळत चोळत किक मारायचा, सुरू होईपर्यंत मारायचा. गाडी आता एकदाही बंद पडली नाही. दर रविवारी ओंडके बांधून तो पलीकडे जायचा, नाचाला न थांबता वळायचा आणि परत यायचा. मी विचारायचो, "कशी गेली?" "बरी," म्हणायचा. इतकी चांगली चालणारी गाडी इतक्या दुःखी माणसाखाली मी कधी पाहिली नाही. घरी गेलो तर 'ये' म्हणताना तो आता बुटांकडे बघेनासा झाला होता, आणि मला चुकल्यासारखं वाटायचं.

मार्चमध्ये दिवस मोठे झाले. बर्फ आणखी दोनचार रविवार टिकणार होता, मग गाडी चालली काय नि न चालली काय. त्या रविवारी मी बेटाजवळ भोक पाडून पर्च मासे धरायला बसलो होतो, म्हणून काठावरचं मी ऐकलं नाही, ते साइमीने मला नंतर सांगितलं. ती काठावर आली. पायात नमद्याचे बूट, पिशवीत नाचाचे. कालेर्वो दोर आवळत होता.

"ओंडके उतरव," ती म्हणाली.

"का?"

"एका गाडीवर दोन साइमी कशा बसतील?"

त्याने दोर सोडला नाही, कापला. तेवढाही धीर नव्हता.

मला दिसलं ते एवढं. खाडीतून गाडीचा आवाज आला, स्वच्छ, एकसारखा. निळ्या धुराची रेघ, मागे घसरगाडी, कातड्यात गुंडाळलेलं कोणीतरी. मी उठून उभा राहिलो. ते बेटापर्यंत आले, आणि आवाज थांबला.

आता नको रे देवा, मी म्हटलं, आज नको. कालेर्वो उतरला. त्याने टाकीला हात लावला नाही, कार्बोरेटरकडे वाकला नाही. बर्फातून लंगडत मागे घसरगाडीपाशी गेला.

"बंद पडली?" साइमीने विचारलं. तलावावर आवाज लांबवर जातो.

"नाही. मी बंद केली."

"का?"

"चालवताना मागे बघता येत नाही. तू आहेस का, ते बघायचं होतं."

साइमीने कातडं गळ्यापर्यंत खाली ओढलं. माझी गळाची दोरी हातातून सुटली होती, पण मी हललो नाही.

"आहे," ती म्हणाली. "तीन हिवाळे आहे. चालव आता, पहिला टँगो चुकेल."

त्याने तिच्या पायाशी कातडं नीट खोचलं, तिथे खोचायला काही उरलं नव्हतं तरी. मग पुढे गेला, किक मारली, आणि गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली.